घोडी, खेकडा आणि सरळ रेघ

रान संपून जिथे नुसतं पिवळं गवत सुरू होतं, अशा एका पठारावर, कातळाच्या कपारीत एक घोडी एकटीच राहत असे. ती मुळात एकटी नव्हती बरं का, मुलांनो. पावसाळा सरता सरता तिचा पुढचा खूर दगडावर आपटून फुटला आणि कळपाबरोबर डोंगर उतरणं तिला जमेना. कळप कुणासाठी थांबत नाही. तो तळातल्या कुरणांकडे निघून गेला आणि तिचं शिंगरूही त्याच्याबरोबर गेलं. गेलं म्हणजे तिनेच पाठवलं. वर राहिलं असतं तर थंडीत त्याने खाल्लं काय असतं? ते पुन्हा पुन्हा मागे फिरत होतं. शेवटी तिने खोटंखोटं दात विचकले, तेव्हा कुठे ते गेलं.

पुढे खूर भरून आला, पण तोवर कळप कुठे पोचला ते तिला कळेना. थंडी पडली आणि घोडीच्या अंगावर दाट, लांब केस आले. दिवसभर ती कड्याच्या टोकाशी उभी राही. शिंगरू फार बुजरं होतं. पान हललं तरी आईच्या पोटाखाली शिरायचं. आता कुणाच्या पोटाखाली शिरत असेल? खालून वारा आला की ती नाकपुड्या फुलवून त्यात त्याचा वास शोधी. पण वास यायचा तो वाळल्या गवताचा.

एके दिवशी कावळा उडत आला आणि धापा टाकत म्हणाला, "घोडीताई, बातमी आहे! कळप पलीकडच्या खोऱ्यात निघालाय. उद्या दुपारी वरच्या खिंडीत पाणी प्यायला थांबेल आणि उन्हं कलली की पलीकडे उतरेल. तुमचं शिंगरूही आहे. सगळ्यांच्या मागे चालतं, आणि चालताना मागेच बघतं."

घोडीला काय करू आणि काय नको असं झालं. ती ओढ्यावर पाणी प्यायला गेली, वाकली, आणि दचकून मागे सरली. पाण्यात एक केसाळ, हनुवटीला दाढी आलेलं भलतंच जनावर होतं! मग तिच्या लक्षात आलं की ते आपणच.

शेजारी एक मेंढी चरत होती. धनगराच्या कळपातून चुकून ती इकडेच राहिली होती. घोडी तिला म्हणाली, "अगं, शिंगराने मला पाहिलं ते पावसात, अंग कसं तुळतुळीत होतं तेव्हा. आता मला असं बघून ते बुजलं तर? पळून गेलं तर?"

"आईला बघून कुणी पळतं का?" मेंढी रवंथ करत म्हणाली. "इतके केस तर माझ्या एका कानावर असतात."

"तुझं ठीक आहे. तू बारा महिने अशीच दिसतेस."

"बोल बाई, बोल. पण आम्हालाही कातरतात ते ऊन तापायला लागलं की. हिवात केसांना हात लावायचा नसतो, एवढं मला कळतं."

घोडीने ऐकलं नाही. तिने ओढ्यातल्या खेकड्याला घरी बोलावलं. त्या पठारावर कातरकाम करावं तर त्यानेच. बोकडांच्या दाढ्या त्याच्याच नांगीखालून जात. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो कपारीत आला आणि घोडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "सगळे काढणार नाही, ताई. पोटाचे आणि गळ्याखालचे काढतो. चढावर घाम तिथेच साचतो. पाठ मात्र झाकलेलीच राहू द्या. खिंडीतला वारा आधी पाठीवर बसतो."

"तुम्ही म्हणाल तसं, खेकडेबुवा. पण नीट दिसलं पाहिजे हं."

खेकडा कामाला पक्का होता. त्याने आधी घोडीला खडबडीत झाडाला अंग घासायला लावलं, धूळ झाडून घेतली. मग पांढऱ्या मातीच्या खड्याने तिच्या कुशीवर खांद्यापासून मांडीपर्यंत रेघ ओढली आणि केस जिकडे झोपलेले होते त्याच्या उलट बाजूने नांगी चालवत रेघेखालचे सगळे काढले. उजवी बाजू छान झाली. मग तो डाव्या बाजूला गेला. आता मुलांनो, खेकडा हुशार असला तरी चालणार तिरकाच. त्याला वाटे आपण अगदी सरळ चाललोय. डावीकडची रेघ चालता चालता वर चढली, आणि केस रेघेबरहुकूम निघाले.

कातळावरून कावळा ओरडला, "अहो, डावी बाजू वर गेली!"

घोडी एकदम दचकली. "किती?"

"चिमणीच्या चोचीएवढी. पण दिसते."

"मग उजवी तेवढीच वर घ्या, खेकडेबुवा. पटकन."

खेकड्याने उजवी वर घेतली. ती जरा जास्तच वर गेली. मग डावी घ्यावी लागली. मध्येच खेकड्याचं अंग कोरडं पडे. मग तो ओढ्यात बुडी मारून येई, आणि ओल्या नांगीने केस चिकटतात म्हणून नांगी वाळेपर्यंत थांबे. कावळा या कातळावरून त्या कातळावर उडून बघे आणि म्हणे, "जवळजवळ झालं! पण मागून जरा..."

मेंढी मान वर करून म्हणाली, "घोडीताई, ऊन डोक्यावर आलं. कळप पाण्यावर पोचला असेल. ऊठ, जा."

"अशी जाऊ? इकडून एक आणि तिकडून एक? त्याला वाटेल, दोन घोड्या फाडून एकीत शिवल्यात!"

"वाटू दे. हसेल फार तर."

"नाही गं. ते बुजेल. तुला माहीत नाही ते कसं आहे." घोडी खेकड्याकडे वळली. "घ्या, खेकडेबुवा. आणखी थोडं."

असं थोडं थोडं करत रेघा कण्यापाशी येऊन भिडल्या. खेकडा थांबला. "ताई, आता पाठच उरली."

"मग ती कशाला ठेवता? शेंडीसारखी दिसेल."

"अहो, वारा..."

"काढा म्हणते ना!"

खेकड्याने पाठही मोकळी केली. घोडी तुकतुकीत झाली. कावळ्याने चारही बाजूंनी फिरून पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं, आणि त्याला काही खोट सापडेना. "आता झालं बघा! दोन्ही कुशी सारख्या."

तेव्हा उन्हं कलली होती. घोडी उधळल्यासारखी धावत सुटली. पठार ओलांडलं, चढाला लागली, आणि खिंडीच्या तोंडाशी समोरून वारा आला. तो तिच्या उघड्या पाठीवर असा बसला की घामाचं क्षणात पाणी झालं, गार गार. पाय ताठले, नवा खूर ठणकू लागला. तिने एक पाऊल टाकलं, आणखी एक टाकलं, आणि शेवटच्या चढाला तिचं अंग एवढं थरथरू लागलं की तिला एका दगडाच्या आडोशाला टेकावं लागलं.

तेवढ्यात वरून खिंकाळी ऐकू आली. आवाजात आता थोडा जाडपणा आला होता. तरी तिने तो लगेच ओळखला. ती जीव खाऊन ओरडली. पण वारा वरून खाली वाहत होता. त्याने शिंगराचा आवाज तिच्यापर्यंत आणला आणि तिचा आवाज मागे, रिकाम्या पठाराकडे नेला. वरून पुन्हा एकदा खिंकाळी आली. मग टापांचा आवाज आला, आणि तो लांब लांब जात राहिला.

मेंढी मागून रखडत येऊन पोचली आणि तिच्या पाठीला आपलं लोकरीचं अंग लावून उभी राहिली. थोड्या वेळाने कावळा खिंडीतून परतला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"सगळे उतरले तरी ते पाण्यापाशीच उभं होतं, ताई. इकडेच बघत होतं. शेवटी एक म्हातारी घोडी मागे आली आणि त्याला घेऊन गेली."

घोडीने विचारलं, "दिसत कसं होतं रे?"

"तुम्ही काल दिसत होतात ना, अगदी तसं," कावळा म्हणाला. "अंगभर केस, हनुवटीला दाढी. अस्वलाचं पिल्लूच जणू."

तात्पर्य : जो आपली वाट पाहत असतो त्याच्याकडे आहोत तसं आणि वेळेवर जावं, रूप मागाहूनही नीट करता येतं.