पिराजी वस्तादाचा काटा

एका पेठेत एक भोळा वस्ताद होता. नाव पिराजी. खरं तर तो वस्तादही नव्हता. तालमीतल्या आखाड्याची माती चाळायची, तिच्यात ताक आणि तेल कालवायचं, एवढंच त्याचं काम. पण त्याच्या मनात एक इच्छा होती. आपल्या गळ्यात शिट्टी असावी. संध्याकाळी पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या मास्तरांच्या गळ्यात ती लटकायची, आणि पिराजी माती चाळता चाळता तिच्याकडे बघत राहायचा.

त्या पेठेत कुस्ती आणि फुटबॉल एकाच तालमीत नांदायचे. एका वर्षी मास्तर परगावी गेले आणि शिट्टी खुंटीवर राहिली. नेमके त्याच आठवड्यात तालमीचे अध्यक्ष रंगराव अण्णा चारचौघांत पैज मारून बसले. खालच्या पेठेच्या सर्जेरावांना ते मिशीला पीळ देत म्हणाले, "यंदा पोरांचा चषक तुमच्या तालमीत गेला, तर ही मिशी उतरवीन." अण्णांची मिशी म्हणजे पेठेची शान. सणाच्या दिवशी आधी तिला तेल लागायचं, मग समईला.

अण्णांनी शिट्टी पिराजीच्या गळ्यात घातली.

"पिराज्या, संघ तू बघायचास. एकच ध्यानात ठेव. पोरं भारी निवड. भारी म्हंजे एकदम भारी."

"भारीच निवडतो, अण्णा."

पिराजी तडक बाजारात गेला आणि गुळाच्या ढेपा तोलायचा काटा उसना घेऊन आला. मैदानात काटा मांडला, शिट्टी फुंकली आणि पोरांची रांग लावली. बातमी पेठभर पसरली. आया पोरांना केळी खाऊ घालून पाठवू लागल्या. लोहाराच्या पोराच्या दोन्ही खिशांत दगड निघाले. पिराजीनं त्याची पाठ थोपटली. "शाब्बास. तयारी करून आलास."

रांगेच्या शेवटी हिंदूराव उभा होता. नाव हिंदूराव, पण अंगानं शेवग्याची शेंग. वेळ जात नव्हता म्हणून तो बॉल उडवत होता. पायावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून डोक्यावर, डोक्यावरून पुन्हा पायावर. काट्यावर चढला तेव्हाही बॉल हवेतच होता.

काटा हलला नाही.

"तू चढलास का?" पिराजीनं विचारलं.

"चढलोय की, वस्ताद."

"काट्याला कळलं न्हाई. जा घरी."

"पण मला खेळाय येतंय!"

"खेळाय कुणालाबी येतंय. भारी व्हाय येतंय का?"

हिंदूरावाला ते येत नव्हतं. तो बॉल घेऊन घरी गेला.

पहिल्या सराव सामन्यात पिराजीचा संघ मैदानात उतरला तेव्हा प्रेक्षकांना पलीकडची रेषा दिसेना. समोरच्या संघातली बारकी पोरं या पोरांच्या मधून अशी गेली, जशी गल्लीतून सायकल जावी. अण्णांना गोल मोजवेनात.

"अरं, भारी म्हंजे वजनानं नव्हं!" ते ओरडले. "जरा पळाय नको? बॉलच्या मागं पळायला सांग!"

"सांगतो, अण्णा."

दुसऱ्या सराव सामन्यात सगळी पोरं बॉलच्या मागं पळाली. गोलकीपरसुद्धा. बॉल डावीकडं गेला की सगळी डावीकडं. बॉल थांबला की सगळी थांबली. बॉलला पाय मात्र कुणी लावला नाही. पाय लावला तर बॉलच्या पुढं जायची भीती. एकाचा तोल गेला आणि तो बॉलच्या पुढं पडला, तर पिराजीनं त्याला हाताला धरून मागं आणून उभं केलं.

अण्णांनी कपाळावर हात मारला. "अरं बाबा, नुसतं पळून काय उपयोग? गोल दिसला की हाणायचं! इकडं तिकडं बघायचं न्हाई. गोल दिसला की हाण!"

"असं सांगा की," पिराजी म्हणाला. "हे सोपं हाय."

मोठ्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी पोरांना हुरूप यावा म्हणून अण्णांनी तालमीच्या अंगणात तांबड्या रश्श्याचं जेवण ठेवलं. रस्सा करून हंड्यात निवायला ठेवला होता. अण्णा शेजारी पांढरंशुभ्र धोतर नेसून बसले होते. लोहाराचं पोरगं हंड्यासमोर येऊन थांबलं.

"वस्ताद, हे गोल हाय का?"

पिराजीनं हंड्याला एक फेरी मारली. वरून बघितलं. वाकून बघितलं.

"गोलच हाय."

"मग?"

"मग काय? हाण."

हंडा अण्णांच्या मांडीवर आला. धोतर तांबडं झालं, आणि मिशीतून कोथिंबीर लोंबायला लागली. अण्णांनी ती झटकली. मग त्यांनी भिंतीकडं बोट केलं. भिंतीजवळ हिंदूराव एकटाच बॉल उडवत उभा होता.

"त्यो पोरगा दिसतोय? त्यो भारी हाय. सगळ्यांत भारी. उद्या त्याला खेळव. न्हाईतर शिट्टी ठेव आणि माती चाळाय जा."

पिराजीचा हात शिट्टीवर गेला. त्यानं हिंदूरावाला पुन्हा काट्यावर चढवलं. काटा पुन्हा हलला नाही. पिराजी विचारात पडला. अण्णा म्हणतात भारी आहे. काटा म्हणतो नाही. अण्णा काही खोटं बोलायचे नाहीत. म्हणजे पोरगा भारी आहे, फक्त अजून झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी हिंदूराव मैदानात उतरला तेव्हा त्याच्या चड्डीच्या दोन्ही खिशांत काट्याची वजनं होती.

"वस्ताद, पाय उचलत न्हाई."

"भारी माणसाचं असंच असतंय."

सामना सुरू झाला. हिंदूराव एका हातानं चड्डी धरून खांबासारखा उभा राहिला. बाकीची पोरं थोडा वेळ पळाली, दमली आणि आपल्याच गोलसमोर ओळीनं बसली. खालच्या पेठेनं बॉल मारमार मारला. पण तो कुणाच्या पोटाला लागून परत यायचा, कुणाच्या पाठीला लागून परत यायचा. वाट म्हणून नव्हती.

सामना संपत आला. बॉल एका पोटाला लागून उडाला आणि थेट हिंदूरावाच्या पायाशी येऊन थांबला. हिंदूरावानं बॉलकडं बघितलं. मग त्यानं खिशातली वजनं काढली आणि उसनी आहेत म्हणून गवतावर नीट मांडून ठेवली.

"अरं, वजन टाकू नको!" पिराजी रेषेवरून ओरडला. "हलका होशील!"

हिंदूराव हलका झाला. एकाला डावीकडून चुकवलं, एकाच्या दोन पायांमधून बॉल काढला, गोलकीपरला खाली बसवलं, आणि बॉल अलगद आत सरकवला. शिट्टी झाली. सामना संपला. पेठ मैदानात धावली. फटाके लागले. पिराजी मात्र डोळे पुसत वजनं गोळा करत होता. "आता अण्णांना काय तोंड दाखवू? पोरगा हलका झाला."

लोकांनी अण्णांना खांद्यावर घेतलं होतं. तिथूनच ते ओरडले, "पिराज्या, जा, बक्षीस घेऊन ये! आणि या टायमाला तरी भारी काम कर!"

पिराजी मंचावर गेला. विजेत्यांचा चषक चांदीचा होता, पण फुलपात्राएवढा. पिराजीनं तो तळहातावर तोलला. त्याचं तोंड पडलं. शेजारी सर्जेराव हरलेल्यांची ढाल जमिनीला टेकवून उभे होते. शिसवी लाकूड, वर पितळी सिंह. उचलायला दोघं लागत होते.

"सर्जेराव, जरा धरू का?"

पिराजीनं ढाल धरली. गुडघे वाकले. तोंड फुललं.

"बदलता का?"

सर्जेरावांनी एकदा आभाळाकडं बघितलं. "दुसऱ्या कुणाला दिली नसती, पिराजी. पण तू म्हणतोस म्हणून."

हिंदूराव त्याचा सदरा ओढत होता. "वस्ताद, ती हरलेल्यांची हाय! आपण जिंकलोय!"

"गप बस. तू अजून लहान हायस. काट्यालासुद्धा कळत न्हाईस."

पिराजी ढाल पाठीवर घेऊन तालमीत आला. अण्णांनी तिच्यावरची अक्षरं वाचली. मग पुन्हा वाचली.

"चषक कुठाय?"

"सर्जेरावांच्या तालमीत."

अण्णांनी दाराकडं बघितलं. दारात सर्जेराव हसत उभे होते, आणि त्यांच्या शेजारी पेटी घेऊन न्हावी.

"ह्याला कुणी बोलावलं?" अण्णांचा आवाज चिरकला.

"मी," पिराजी म्हणाला. "चषक त्यांच्या तालमीत गेला तर मिशी उतरवीन, असं तुम्ही बोलला होता. तुमचा शब्द खाली पडाय नको."

न्हाव्यानं काम केलं. अण्णांनी ओठावरून हात फिरवला, आणि कसंबसं म्हणाले, "शिट्टी ठेव."

पिराजीनं शिट्टी काढली आणि काट्यावर ठेवली. काटा हलला नाही. त्यानं खाली वाकून मिशी उचलली आणि तीही शिट्टीशेजारी ठेवली. वाट बघितली. मग तो अण्णांजवळ गेला आणि हळूच म्हणाला,

"अण्णा, उगं जिवाला लावून घेऊ नका. भारी नव्हतीच."