सातवी अट, नववी अट

कुडाळच्या दिगंबर मेस्त्रींचं रंधा मारायचं मशीन आठव्या महिन्यातच बंद पडलं. वॉरंटी दोन वर्षांची होती आणि एका घराचे अकरा दरवाजे अडून राहिले होते. मेस्त्री मशीन घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले.

मॅनेजर परांजप्यांनी ते उघडलं. "आत भुसा साचलाय. दर महिन्याला आतून साफ करायचं, ही सातवी अट. तुम्ही मोडलीत. वॉरंटी रद्द."

मेस्त्रींनी खिशातून वॉरंटी कार्ड काढलं. "साहेब, गिऱ्हाइकाने मशीन उघडलं तर वॉरंटी रद्द, ही नववी अट."

"तीही आहेच. अटी म्हणजे अटी."

"मग माझी चूक मान्य. फक्त या दोन्हींतली कुठली मोडायला हवी होती, तेवढं कार्डावर लिहून सही करा."

परांजप्यांनी पेन उघडलं. दोन्ही अटी वाचल्या, पुन्हा वाचल्या. बहुधा पहिल्यांदाच. मग पेन खिशाला लावून त्यांनी मशीन वॉरंटीत दुरुस्तीला घेतलं.

चार दिवसांनी मशीन परत घेताना मेस्त्री म्हणाले, "आता दर महिन्याला येतो. तुम्ही उघडा, तुम्हीच साफ करा. म्हणजे दोन्ही अटी पाळल्या जातील."