दुसरीच्या नावाचं गाणं

एका गावात एक मैनावाला राहत होता, आणि त्याच्या पाच मैना त्याच्यापेक्षा हुशार होत्या. निदान त्या ऐकलेलं विसरत तरी नव्हत्या. मैनावाला मात्र विळा कुठे ठेवला, दार लावलं का, लेक जेवली का, सगळंच विसरायचा. लेक चार वर्षांची असतानाच त्याची बायको गेली होती. तेव्हापासून घरात तो होता, बकुळा नावाची ती लेक होती आणि ओसरीवर पाच पिंजरे होते.

त्याच गावात गाणी रचणारी एक म्हातारी होती. सगळे तिला आत्या म्हणत. ती नक्की कुणाची आत्या हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बहुतेक तिलाही नसावं. गावाची एक रीत होती. लग्न लागलेली मुलगी सासरी निघाली की माहेरच्या उंबऱ्यावर थांबायची आणि आत्या तिचं गाणं म्हणायची. तिचं म्हणजे अगदी तिचंच. ती कुठल्या झाडावरून पडली, कुठल्या बैलाला भ्यायची, चोरून काय खाताना सापडली, सगळं त्यात यायचं. अर्धं वऱ्हाड हसायचं, अर्धं डोळे पुसायचं, आणि नवरदेव बिचारा कुणात सामील व्हावं ते न कळून मुंडावळ्या सावरत उभा राहायचा.

असं गाणं बसल्या बसल्या होत नाही. लग्नाआधी आठ दिवस आत्या त्या घरी मुक्कामाला जायची. सूप मांडीवर घेऊन लग्नाचे तांदूळ निवडायची आणि ऐकत राहायची. आई काय सांगते, शेजारीण काय कुजबुजते, भाऊ कशावरून चिडवतात. तांदूळ निवडून व्हायचे तोवर गाणंही निवडून झालेलं असायचं. त्याबद्दल तिला एक लुगडं आणि पायलीभर तांदूळ मिळायचे, त्यात तिचं भागायचं. एकदा उंबऱ्यावर म्हटलं की मग ते गाणं कुणीही गुणगुणावं, पाळण्यापाशी म्हणावं, नांगरामागे बेसूर ओरडावं, आत्याची ना नव्हती. फार बेसूर ओरडणाऱ्याला ती एवढंच विचारायची, की म्हैस आटली तर नाही ना तुझी.

एकदा मैनावाल्याच्या शेजारी लग्न निघालं. मुलीचं नाव तुळजा. आत्या आठ दिवस त्यांच्या परसात ओळी घोळवत होती आणि कुडाच्या अलीकडे पाच मैना मान तिरकी करून बसल्या होत्या. तुळजा सासरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही मैना एका सुरात सुरू झाल्या:

तुळजाबाई माझी गं, जांभळीवरनं पडली,
काटा लेकीच्या पायी, माय काढता रडली.

मैनावाला हरखला. पिंजरे कावडीला लावले आणि थेट बाजार गाठला. लोकांची ही गर्दी झाली. कुणी मैनांना केळं दिलं, कुणी गूळ दिला, त्यातला निम्मा मैनावाल्याच्या तोंडात गेला. आजवर ज्याला कुणी रामराम घालत नव्हतं, त्याला लोक हाका मारून बोलावू लागले. त्याचीच त्याला गोडी लागली. पुढच्या लग्नघरी त्याने पिंजऱ्यांवर गोणपाट टाकलं आणि ते मुद्दाम आत्याच्या खिडकीखाली नेऊन ठेवले.

आत्याच्या कानावर ते आलंच. तिने त्याला पाणवठ्यावर गाठलं. "लेका, माझी गाणी बाजारोबाजार फिरवतोस. मला एका शब्दाने विचारलं नाहीस."

"आत्या, गाणं म्हणजे काय भाकरी आहे? मी नेलं म्हणून तुझ्याकडचं संपलं का?"

आत्या घागर भरून घरी गेली. गाणं तिच्याकडे होतंच. संपत चाललं होतं ते दुसरंच काही, पण ते अजून तिलाही दिसत नव्हतं.

पुढे लग्नघरांनी हिशोबी डोकी चालवली. आठ दिवस म्हातारीचं चहापाणी कोण करणार? मैना सकाळी येते, गाते, चार दाणे खाऊन जाते, वर उलटं बोलत नाही. गोदा नावाच्या एका मुलीच्या लग्नात मैना उंबऱ्यावर तुळजा तुळजा करत राहिली तेव्हा वऱ्हाड पोट धरून हसलं. त्याच्या पुढच्या लग्नात थोडंच हसलं. त्याच्या पुढच्या लग्नात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

वर्षभर कुणी बोलावलं नाही तेव्हा आत्या मैनावाल्याची तक्रार घेऊन पाटलांकडे गेली. पाटील मिशीला पीळ दिल्याशिवाय विचार करत नसत. त्यांची मिशी आखूड होती, त्यामुळे विचारही बेतानेच व्हायचा. त्यांनी लगेच दवंडी पिटवली, की आत्याच्या परवानगीशिवाय गावात कुणी गाणं म्हणायचं नाही. चौकीदार कान देऊन फिरू लागला. एका बाळंतिणीला त्याने पाळण्यापाशी पकडलं, एका गुराख्याला शीळ घातली म्हणून चावडीवर बसवलं. देवळातली भजनी मंडळी तोंड मिटून नुसते टाळ वाजवू लागली. आणि मैनावाला? तो परगावच्या बाजारात होता. चौकीदाराची हद्द वेशीपाशी संपायची.

आत्या पुन्हा चावडीवर गेली. "पाटील, कावड भरभरून नेणाऱ्याची तक्रार मी केली होती. बाळ निजवणाऱ्या आईची नाही. तिला आधी घरी जाऊ द्या."

पाटील रुसले. त्यांनी दवंडी मागे घेतली, आत्याची तक्रारही त्याच झटक्यात काढून टाकली आणि या बाईला काय हवंय ते तिलाच कळत नाही, असं चारचौघांत सांगत सुटले. आत्या लोकांच्या भाजीच्या वाफ्यांत खुरपायला जाऊ लागली.

आणखी दोन वर्षं गेली आणि बकुळाचं लग्न ठरलं.

बापाला जेवायला वाढता वाढता ती म्हणाली, "आबा, मला आत्याचं गाणं हवं."

"अगं, घरात पाच-पाच गाणारणी आहेत."

"त्या माझं गात नाहीत."

मैनावाला हसला आणि आमंत्रणं करायला निघून गेला. पण ते वाक्य पायात सल राहावा तसं त्याच्याबरोबर गावोगाव फिरलं. आत्याकडे जावं असं रोज वाटे आणि कुठल्या तोंडाने जावं असंही रोज वाटे. जाऊ-नको करता करता लग्न परवावर आलं. तेव्हा कुठे नवं लुगडं काखेत मारून तो वाफ्यापाशी जाऊन उभा राहिला.

आत्याने चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. ती तसलं काही बोलली नाही. "बस," म्हणाली. "आठ दिवस काही उरले नाहीत. तूच सांग, मी ऐकते. पोर लहानपणी कशाला भ्यायची?"

मैनावाल्याने डोकं खाजवलं. "आठवत नाही."

"पडली कुठून?"

"पडली असेल कुठून तरी."

"आवडतं काय तिला?"

"जे असेल ते खाते. चांगली आहे गं पोर."

"चांगल्या सगळ्याच असतात, लेका. त्याचं गाणं होत नाही." आत्याने खुरप्याची माती पुसली. "आणि आता माझ्यानेही होत नाही. तीन वर्षं कुणी मला काही सांगितलं नाही, मी काही ऐकलं नाही. ओळ येते, आणि मध्येच तुझ्या मैनांची होऊन जाते."

काय संपत चाललं होतं, ते तेव्हा मैनावाल्याला कळलं. तो लुगडं बांधावर ठेवून घरी आला. घडीसुद्धा न मोडता आत्याने ते बकुळाला धाडून दिलं.

लग्न लागलं. बकुळा उंबऱ्यावर येऊन थांबली. वऱ्हाड मागे गोळा झालं. मैनावाल्याने पिंजऱ्यांवर गोणपाटं घातली होती, पण माणसांची चाहूल लागली की गायचं, एवढंच त्या पाखरांना ठाऊक. आतून सूर आला. तुळजाबाई माझी गं, जांभळीवरनं पडली. वऱ्हाडाने माना डोलावल्या. काटा लेकीच्या पायी, माय काढता रडली. बकुळाला आई आठवतही नव्हती. तिने ते गाणं मान खाली घालून, कुणा पाहुणीचं ऐकावं तसं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग बापाच्या पाया पडली आणि हळूच म्हणाली, "आबा, आपली शेजारची तुळजा सुखी आहे ना हो तिच्या घरी?"

मैनावाल्याला ते माहीत नव्हतं. इतकी वर्षं तिचं गाणं खांद्यावरून मिरवलं, पण तुळजा कशी आहे हे त्याने कधी कुणाला विचारलं नव्हतं. गाडी वळणाआड गेली.

माघारी वळताच त्याने पाचही पिंजरे उघडले. मैना काही लांब गेल्या नाहीत. जांभळीवर बसल्या, देवळाच्या कळसावर बसल्या, तिथूनच गात राहिल्या. त्याने खडे मारले, हात जोडले, काही उपयोग झाला नाही. पुढे त्यांची पिल्लंही तेच गाऊ लागली.

मग तो रोज आत्याच्या वाफ्यावर जाऊन तण उपटू लागला. एके दिवशी हातातलं गवत तसंच धरून तो म्हणाला, "आत्या, आठवलं. मी पहिला पिंजरा घरी आणला ना, तेव्हा ती कणगीमागे लपली होती. दोन दिवस बाहेर आली नाही. मैनांनाच भ्यायची गं ती. मी हसलो होतो."

आत्याचं खुरपं थांबलं. "ही ओळ फार चांगली झाली असती," ती म्हणाली आणि पुढच्या वाफ्याकडे वळली.

तात्पर्य: गाणं पोटभर ऐकावं, गुणगुणावं, बाळालाही शिकवावं, त्याला कुणा पाटलाची मनाई नसावी, पण रचणाऱ्याला वगळून त्याचं गाणं तेवढं उचलून नेलं, तर एक दिवस आपल्या उंबऱ्यावर दुसऱ्याच कुणाच्या नावाचं गाणं ऐकावं लागतं. हल्ली तर मैना खिशात मावतात, तेव्हा खिसेवाल्यांनी हे जरा जास्तच ध्यानात ठेवावं.