विळीचा क्लेम

“म्हणजे मला कायदा येत नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?”

निनाद शेंडबाळेचा आवाज जरा चढलाच. आरवाडे सर शांतपणे पडवळ पुसत राहिले.

“येतोय की. अख्ख्या सांगलीत तुझ्याइतका कुणाला येत नसेल.”

“मग नापास का होतोय मी?”

…

सरांचा सारा जन्म पेटंटच्या कामात गेलेला. निनाद इंजिनिअर, पेटंट एजंटच्या परीक्षेत दोनदा आपटलेला. कलमांचा पेपर त्याच्या डाव्या हातचा मळ. पण दुसऱ्या पेपरात एखादी वस्तू देतात आणि तिच्यातल्या शोधावर हक्क सांगणारा क्लेम लिहायला लावतात, तोही एकाच वाक्यात. तिथं त्याची गाडी अडायची. आता घरात परीक्षेचं नाव काढायचीही त्याला लाज वाटे.

सरांनी विळी पुढं सरकवली.

“हिचा क्लेम लिही. समज, जगात आजवर नुसत्या सुऱ्याच होत्या.”

निनादनं चुटकीसरशी लिहिलं. शिसवी पाट, त्यावर उभं, बाकदार, पोलादी पातं, टोकाला खोबरं खवायला दाते. वाचून दाखवताना स्वारी खुशीत होती.

“शेजारच्या काकूंच्या विळीला दाते नाहीत. पाटही आंब्याचा. ती तुझ्या हक्कात येते?”

“…नाही.”

“म्हणजे जेवढं जास्त लिहिलंस, तेवढं काकूंना सोडून दिलंस.”

निनाद चिडला. खोडत सुटला. शेवटी कागदावर उरलं ते एवढंच: कापायचं पातं.

“ही तर सुरी झाली. ती होतीच.”

“मग विळीत वेगळं आहे तरी काय, सर?”

सरांनी त्याला विळीपुढं बसवलं आणि हातात पडवळ दिलं.

पठ्ठ्या जन्मात कधी विळीवर बसला नव्हता. त्यानं पडवळ पात्याला टेकवलं आणि सुरीच्या सवयीनं पाटच मागंपुढं ढकलू लागला. फरशी करकरली. पडवळ होतं तसंच.

सरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“तिला हलवू नको.”

…

निनाद थबकला. मग पाटावर पाय घट्ट रोवून त्यानं पडवळच पुढं सरकवलं. एक चकती पडली. मग दुसरी.

तो ताडकन उठला. तसाच ओल्या हातानं कागद ओढून लिहू लागला: बसणाऱ्याच्या पायाच्या दाबानं स्थिर राहणारं पातं, ज्यावर कापायची वस्तूच हातांनी सरकवली जाते.

सरांनी ओळ वाचली. पुन्हा वाचली. खोडायला घेतलेली पेन्सिल त्यांनी कानावर ठेवून दिली.

निनादला इतका आनंद झाला, की त्याची त्यालाच भीती वाटली.

“सर… यंदा देऊ परीक्षा? परत तोंडावर पडलो तर?”

सरांनी टोपलीतला लाल भोपळा उचलून त्याच्यापुढं ठेवला.

“बस की परत. हा भोपळा तेवढा फोडायचा राहिलाय.”