ठकूबाईचा कोपरा

फार वर्षांपूर्वी, हिवरओढ्यात गव्हाची मळणी बैलांच्या पायांनी व्हायची तेव्हा, त्या गावात ठकूबाई नावाची एक बाई राहायची. तिला नवरा नव्हता, मूल नव्हतं, वीतभर जमीनही नव्हती. पण तिच्या हाताखालून गेल्याशिवाय गावातल्या एकाही खळ्यावरचा दाणा घरी जात नसे. ठकूबाई उफणायची. तिवईवर उभी राहून मळलेल्या गव्हाचं सूप डोक्याच्या वर धरायची आणि हलकेच तिरकं करायची. भुसा उडून लांब पडे, दाणे तिच्या पायाशी. वारा पडला की बाकीच्या बाया हातपाय गाळून बसत. ठकूबाई मात्र टेकडीकडे तोंड करून हाक मारायची, "ये रे दादा, बहीण ताटकळली!" आणि वारा यायचा. असं म्हणतात, की तो आधी तिच्या पदराला हात लावायचा आणि मगच भुशाला.

गावाची एक रीत होती. कापणीनंतर रानात पडून राहिलेल्या ओंब्या मालकाने उचलायच्या नाहीत. तो सरवा. ज्यांना जमीन नाही अशा बायांनी तो वेचायचा. पावसाळ्यात काम मिळत नसे, तेव्हा वीसेक घरांच्या चुली त्या सरव्यावर पेटत.

मग एका चैत्रात निवृत्तीआबांनी हार्वेस्टर आणलं. आबा गावातले सगळ्यात मोठे जमीनदार. यंत्र तांबडं होतं, घराएवढं होतं. एका अंगाने उभा गहू गिळायचं आणि दुसऱ्या अंगाने निवडलेले दाणे ओतायचं. सारं गाव बघायला लोटलं. आता, रानात नवं अवजार आलं की त्याला कुंकू लावायचं, आणि ते ठकूबाईनेच लावायचं, असा तिचा मान होता. आबांनी ताट पुढे केलं.

"लाव ठकूबाई. तुझा हात चांगला."

"लावते आबा. पण सरव्याचं काय?"

"अगं, सरवा कुठं पळून जातोय? हे धूड काय खाली वाकून वेचत बसणार हाय?"

लोक हसले. ठकूबाईही हसली. अवजार रानात आलं आणि बिनकुंकवाचं ठेवलं, असं तिच्या जन्मात घडलं नव्हतं. तिने कुंकू लावलं. पुढे लोक म्हणायचे, ठकूबाईनेच यंत्राला ओवाळलं. खरं आहे. ताट कुणी पुढे केलं, ते मात्र कुणी बोलत नाही.

दिवस मावळायच्या आत सगळं रान मोकळं झालं. सकाळी बाया टोपल्या घेऊन आल्या, तर ओंबी औषधाला नव्हती. भुशात आणि मातीत सुटे दाणे तेवढे विखुरले होते.

ठकूबाईच्या शेजारची तरणी सून कौसा हिने टोपली आपटली. "आत्ये, मेल्यानं सगळं चघळून थुंकलंय!"

ठकूबाईने स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. कुंकवाचा लाल डाग अजून गेला नव्हता. "बसू नका," ती म्हणाली, "झाडा. रान झाडून काढा."

बायांनी रान झाडलं. माती, भुसा आणि दाणे यांचा पुरुषभर उंच ढीग झाला. पण पान हलत नव्हतं. ठकूबाईने हाक मारली. वारा आला नाही. दुसऱ्यांदा मारली, तरी नाही. तिसऱ्यांदा ती ओरडली नाहीच. हळूच म्हणाली, "दादा, चुकले मी." आणि टेकडीवरून असा वारा सुटला, की तो तीन दिवस थांबला नाही, असं म्हणतात. ठकूबाईही तीन दिवस तिवईवरून उतरली नाही. दाण्यांची रास एवढी झाली की टोपल्या पुरेनात, बायांनी अंगावरचे पदर पसरले.

तेव्हा आबा गाडी घेऊन आले. "ओंबी पडली तर सरवा. हे सुटं धान्य हाय. रान माझं, दाणा माझा."

"मग ओंब्या ठेवायच्या हुत्या की आबा!" कौसा तडकली.

आबांनी गाडी भरली. गाव बांधावर उभं राहून बघत होतं.

ठकूबाई तिवईवरून उतरली, सूप काखेत मारलं आणि टेकडी चढू लागली. वारा वळला आणि तिच्या मागोमाग गेला. ती परत कुणाला दिसली नाही. आबांनी घरी पोती सोडली, तर दाण्यांत भुसा आणि माती पहिल्यासारखीच मिसळलेली. गावातल्या साऱ्यांनी मिळून उफणून पाहिलं. पण वारा कुठला आणायचा? पुढच्या चैत्रात आबांनीच हात जोडून यंत्रवाल्याला सांगितलं, की सरव्यासाठी एक कोपरा सोड.

अजूनही हिवरओढ्यात यंत्र आलं की चालवणाऱ्याला आधी तो कोपरा दाखवतात. प्रत्येक रानात एक. यंत्र तिथून वळतं. ओंब्या उभ्या राहतात. पहिली काही वर्षं बाया विळे घेऊन यायच्या, ठकूबाईचं नाव घ्यायच्या आणि कापून न्यायच्या. पण अशा कोपऱ्यांवर वर्ष निघत नाही. वेचणाऱ्यांचं एकेक घर गाव सोडून गेलं. गेल्या चैत्रात म्हातारी कौसा एकटीच आली होती. तिने दोन पेंढ्या कापल्या, बाकीचा गहू पाखरांना सोडला आणि बांधावर हात जोडून उभ्या असलेल्या गावाला म्हणाली, "नमस्कार कुणाला करताय? वेचणाऱ्या बाया कुठं हायत?"