वेशीवरचा लांडगा

फार जुनी गोष्ट आहे, मुलांनो. मोठ्यांनीही ऐकायला हरकत नाही. विसरायची सवय त्यांनाच जास्त असते.

एका डोंगराळ राज्यावर शेजारच्या राजाने स्वारी केली. त्याच्या झेंड्यावर लांडगा होता. आपल्या राजाने घाबरून समुद्रापलीकडच्या दोस्ताला मदतीला बोलावले. त्या दोस्ताच्या झेंड्यावर मोर होता. गावोगाव दवंडी पिटली गेली, "मोरवाले आपले आहेत. त्यांना भाकर-पाणी द्या."

डोंगराच्या पायथ्याला एका गावात एक पाथरवट राहत होता. मोरवाले आले त्या सकाळी तो दोन गड्यांबरोबर वर खाणीत होता. तिथून त्याला सगळे दिसले. त्याची बायको इतर बायांबरोबर भाकऱ्यांची टोपली घेऊन सामोरी गेली. मग एकदम आरडाओरडा झाला, भाले चालले. पाथरवट धापा टाकत खाली पोहोचला, तोवर गावात कण्हायलाही कोणी उरले नव्हते. मोरवाले पुढच्या वाटेला लागले होते.

"शत्रूचा कोणी गावात लपलाय असं वाटलं असेल त्यांना," एक गडी म्हणाला.

"आपली भाषा कळली नसेल. भ्याले असतील," दुसरा म्हणाला.

भाकर घेऊन आलेल्या बाईला कोण भितो? पाथरवटाचे डोके चालेना.

त्या मुलखात एक रीत होती. लढाईत माणसे मारली गेली, की वेशीवर शिळा उभी करायची. तीवर मेलेल्यांच्या आकृती कोरायच्या आणि खाली मारणाऱ्याचे निशाण, म्हणजे येणारे-जाणारे सावध होतील. पाथरवटाने आकृती कोरल्या. निशाणापाशी मात्र त्याचा हात थांबला. तेवढ्यात राजाचा कारभारी आला.

"लांडगा कोर," तो म्हणाला.

"पण सरकार, मारलं मोरवाल्यांनी. आम्ही डोळ्यांनी पाहिलंय."

"मला ठाऊक आहे रे." कारभाऱ्याने शिळेवरच्या आकृतींना हात जोडले. "पण तू मोर कोरलास तर दोस्त रुसून परत जाईल. मग लांडगेवाले सगळंच राज्य जाळतील. ते पाप कोणाच्या माथी?"

पाथरवट शिळेसमोर बसून राहिला. कारभाऱ्याचे म्हणणे खोटे नव्हते. बायकोचे मरणही खोटे नव्हते. खरे कोरले तर आपल्याच माणसांचा घात, आणि नाही कोरले तरी तोच! विचार करकरून तो थकला आणि त्याने लांडगा कोरला. गड्यांनीही तोंडाला कुलूप घातले.

घाटावरच्या गावात दिलेली त्याची लेक रडत आली. "बाबा, आईला कोणी मारलं?"

बापाने शिळेकडे बोट दाखवले. लेक त्या लांडग्यावर थुंकली आणि सासरी परतली.

थंडी पडल्यावर मोरवाले घाट चढून गेले. काही दिवसांनी जावई खाली आला, एकटाच.

"मामा, एक शिळा घडवा," तो म्हणाला. "लांडगा दिसला असता तर आम्ही रानात पळालो असतो. पण मोर दिसला. तुमची लेक म्हणाली, 'हे माझ्या आईच्या मारेकऱ्यांवर निघालेत. यांना उपाशी कसं जाऊ द्यायचं?' सगळ्या गावाला तिनंच घराबाहेर काढलं, मामा. तेवढं ऐकून मी गुरं घेऊन रानात गेलो, म्हणून वाचलो. त्यांनी असं का केलं हो?"

पाथरवट उठला, वेशीवर गेला आणि छिन्नी-हातोडा घेऊन लांडगा फोडू लागला. फोडताना तो लहान मुलासारखा हुंदके देत होता. संध्याकाळपर्यंत तिथे मोर उभा राहिला.

पुढे ती शिळा पाहून आसपासची गावे वेळीच रानात पळाली आणि वाचली. पाथरवटाच्या लेकीला मात्र शिळेवरचा मोर पाहायला मिळाला नाही.

तात्पर्य: दोस्ताने केलेल्या हत्येवर शत्रूचे नाव घातले, की पुढच्या हत्येची वाट आपणच मोकळी करतो.