येसबाचं कडू पान

फार वर्षांपूर्वी, नेमकं कधी ते विचारू नका, ज्यांना ठाऊक होतं ते मेले, आपल्या या करंजमाळावर येसबा नावाचा घरजावई आला.

येसबा घाटमाथ्यावरच्या आंबोशीचा. तिथं पाऊस लागला की चार महिने ऊन दिसत नाही. आपल्याकडं ढग येतात, बघतात आणि पुढं जातात. त्याची आई झाडपाल्याचं औषध द्यायची. तिनं त्याला खोकल्यावरचा अडुळशाचा काढा शिकवला. मोठ्या माणसाला सात पानं, पोराला तीन. येसबानं आकडे पाठ केले आणि तो स्वतःला वैद्य समजायला लागला.

तो आला त्याच वर्षी गावात डांग्या खोकला शिरला. पोरं खोकून खोकून निळी पडायची. हौसा कुंभारणीची चिमी पाच वर्षांची. उबळ आली की तिचा श्वास परत यायचं नाव घेईना. हौसा येसबाच्या दारात उभी राहिली.

"जावईबापू, आईची विद्या आणलीय म्हणता ना? मग दाखवा."

अडुळसा इथंही होता, बांधाबांधाला. येसबानं तीन पानं तोडली, काढा केला, पाजला. घटकाभरात पोर ओकायला लागली. ओकून ओकून तिचे हातपाय गार पडले.

हौसानं मडकी थापायची फळी उचलली. "मारलंस माझ्या पोरीला!"

"तीनच दिली हो! आई तीनच द्यायची!"

"तुझी आई गेली उडत!"

गाव जमलं. कुणी म्हणालं, हा अडुळसा नव्हेच, जावयाला झाड ओळखता येत नाही. झाड तेच होतं. अक्कल कमी होती, जावयाची आणि गावाची.

मग येसबानं जे आधी करायला हवं होतं ते केलं. बांधावरचं एक पान तोडलं आणि स्वतः चावलं. डोळ्यांतून पाणी आलं. आंबोशीचं पान तळहाताएवढं, पातळ, पाणचट. हे बोटाएवढं, जाड, आणि कडू असं की कानापर्यंत कडू लागलं. थोड्या पाण्यावर जगायचं म्हणून झाडानं अंग चोरलं होतं आणि सगळा कडूपणा त्या बोटभर जागेत कोंबला होता.

येसबा चिमीच्या उशाशी बसला. थेंब थेंब पेज पाजत राहिला. दुसऱ्या दिवशी अर्ध्या पानाचा काढा मधातून दिला, तोही भीतभीत. तिसऱ्या दिवशी चिमीनं मातीचा गोळा करून त्याच्या टाळक्यात मारला. तेव्हा कुठं हौसानं हातातली फळी खाली ठेवली, असं म्हणतात.

त्यानंतर येसबाला घर गोड लागेना. आंबोशीपासून करंजमाळापर्यंत अठरा गावं, तो प्रत्येक गावच्या बांधावरचं पान चावत हिंडला. जीभ हिरवी झाली ती मरेपर्यंत हिरवीच राहिली. डोळे बांधून तोंडात पान दिलं की तो गाव सांगायचा, असं म्हणतात. एकदा खालच्या वाडीच्या लोकांनी त्याची परीक्षा घेतली. पान चावून म्हणाला, "हे तुमच्या विहिरीमागचं, सावलीतलं. आणि विहीर आटत आलीय, जाऊन बघा." लोक धावले. विहिरीत घागर बुडेना. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, मला पटवायची हौस नाही.

आंबोशीच्या अडुळशाची एक फांदीही त्यानं आणून परसात लावली. तीन वर्षांत तिची पानं लहान झाली, पण इथल्याइतकी नाही.

त्याची बायको राही म्हणाली, "तुमच्यासारखीच की! निम्मी इथली झाली, निम्मी आईचीच राहिली."

इकडं गावानं काय केलं? 'सात' आणि 'तीन' टाकून दिलं आणि 'अर्धं पान' धरून बसलं. एक खूळ सोडलं, दुसरं धरलं.

मग एका साली करंजमाळावर कधी नव्हे असा पाऊस झाला. ओढे महिनाभर वाहिले. अडुळसा माजला, पानं वीतभर झाली. पावसाच्या मागून पुन्हा तो खोकला आला आणि हौसाच्या धाकट्या गोंदाला धरलं. येसबा नेमका बाहेर. हौसानं अर्धं पान दिलं. उतार नाही. पुन्हा अर्धं दिलं. पोराची छाती भात्यासारखी हलायला लागली. जास्त द्यायचं धाडस कुणाला होईना. चिमीचे गार हात सगळ्यांनी पाहिले होते.

चौथ्या दिवशी सकाळी येसबा गुडघाभर चिखलात परतला. काठी दारात टाकून आधी बांधावर गेला, पान चावलं आणि थुंकला.

"हे पान नाही, पाणी आहे. यंदा झाडाला पोटभर मिळालंय. चार घाला."

"अर्धंच म्हणून तुम्हीच सांगितलं होतं!" हौसा ओरडली.

"ते त्या सालचं पान होतं, हौसाबाई. माझं ऐकू नका. चावून बघा."

हौसानं चावलं. लेकराकडं पाहिलं, पुन्हा चावलं. मग स्वतःच्या हातानं चार पानं मडक्यात टाकली.

दुपार कलायच्या आत गोंदाच्या छातीतला बेडका सुटला. त्यानं लांब श्वास घेतला, आणखी एक घेतला आणि भाकरी मागितली. हौसा भट्टीला टेकून बसली आणि हसायला लागली. तिचं हसू संध्याकाळपर्यंत थांबलं नाही, असं म्हणतात.

पाटील म्हणाला, "येसबा, आता शेवटचा आकडा सांगून टाक."

"आकडा मागाल तर मी चाललो आंबोशीला."

गावानं पुन्हा मागितला नाही.

आता पोरांना दवाखान्यात नेतात, सुई टोचतात. ते बरंच आहे. पण हस्ताचा पाऊस सरला की करंजमाळावर अजून येसबाचा दिवस पाळतात. नैवेद्य नाही, नारळ नाही. प्रत्येक घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस बांधावर जातं आणि गावादेखत अडुळशाचं पान चावतं. दुष्काळाच्या साली आमची तोंडं अशी वाकडी होतात की पोरं जमिनीवर लोळून हसतात. आम्ही त्यांना हसू देतो. पान चघळत कान देऊन उभे राहतो, हसताना कुणी खोकतंय का ते ऐकत.